रिस्टोअर होणारा बॅकअप: छोट्या डेटाबेससाठी साधी पद्धत कशी निवडायची

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी ओसरल्यावर मी कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका गुळाच्या अडतीच्या दुकानात गेलो. दिवाणजींनी टेबलाचा खण ओढला. खणात चिखल भरलेला. त्यातून त्यांनी एक पेनड्राइव्ह काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि माझ्या हातात दिला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. दुकानाचा सर्व्हर त्याच टेबलाखाली, वीतभर उंचीच्या पाटावर ठेवलेला. दिवाणजी रोज संध्याकाळी सात वाजता न चुकता बॅकअप घ्यायचे. एक दिवस त्यांनी चुकवला नव्हता. तरी मूळ डेटा आणि त्याची प्रत एकाच रात्री एकाच पाण्यात गेली.

शेवटी मालकांच्या राजारामपुरीतल्या घरी एका जुन्या लॅपटॉपवर मे महिन्यातली प्रत सापडली. पुढच्या कच्च्या पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हातानं लिहिलेले हिशेब, माळ्यावर होत्या, म्हणून वाचल्या. गुळाचा हंगाम नसल्यामुळे त्या कमीही होत्या. तीन माणसांनी बसून त्या पुन्हा भरल्या. हेच जानेवारीत झालं असतं, तर शेतकऱ्यांचे हिशेब कसे लावले असते, याचा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

तेव्हापासून कुठल्याही छोट्या धंद्याच्या डेटाबेसकडे मी उलट्या बाजूनं बघतो. आधी ठरवायचं ते परत उभं कसं करायचं, म्हणजेच रिस्टोअर. बॅकअप कसा घ्यायचा हे त्यातून आपोआप ठरतं. अडत, उद्यमनगरातलं मशीन शॉप, गावची दूध संस्था, दवाखाना किंवा ऑनलाइन चपला विकणारं दुकान, यांच्यापैकी कुणाचाही पोस्टग्रेस, मायएसक्यूएल किंवा एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरमधला डेटा तुमच्या हाती असेल, तर खालच्या क्रमानं जा.

पहिली पायरी: मालकांना दोन प्रश्न विचारा

पहिला प्रश्न, किती वेळाचं काम गेलं तर चालेल? दुसरा, किती वेळ सिस्टिम बंद राहिली तर चालेल? ही दोन वेगळी उत्तरं आहेत आणि लोक नेहमी ती एकत्र करतात. अडतीच्या मालकांनी मला सांगितलं ते असं: "एका दिवसाचं गेलं तर भरून काढू वो, पण सौद्याच्या दिवशी दुपारपतोर पट्टी निघाली न्हाई तर शेतकरी दारात बसतंय." म्हणजे त्यांना २४ तासांचा डेटा गेलेला चालतो, पण बंद राहायला तीन-चार तासांपेक्षा जास्त नको.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर काढताना मी एक गोष्ट हमखास तपासतो: कागद आहे का? अडतीत कच्ची पट्टी हातानं लिहिली जाते आणि मग संगणकात जाते. दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळच्या संकलनाची पावती उत्पादकाच्या हातात असते. तिथं अर्धा दिवस गेला तरी तो पुन्हा उभा करता येतो, त्रास होतो एवढंच. पण ऑनलाइन ऑर्डर घेणाऱ्याकडे कागद नसतो. गिऱ्हाइकानं पैसे भरले आणि ऑर्डरची नोंदच गेली, तर पुढे काय करायचं हे कुणालाच माहीत नसतं. जिथं कागद नाही तिथं रोजचा एकच बॅकअप पुरणार नाही, हे आधीच मान्य करा.

उत्तरं वहीत लिहा आणि मालकांना दाखवा. पुढे खर्चाचा विषय निघतो तेव्हा ही ओळ फार कामाला येते.

दुसरी पायरी: काय काय वाचवायचं आहे याची मोजदाद

कोणता डेटाबेस, कोणती आवृत्ती, आकार किती, वाढ किती. बऱ्याच ठिकाणी विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या पोटात एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस असतो आणि मालकांना त्याचा पत्ताही नसतो. या मोफत प्रकारात एका डेटाबेसला बराच काळ १० जीबीची मर्यादा होती, २०२५ च्या आवृत्तीत ती ५० जीबी झाली. जुन्या आवृत्तीवर असाल आणि आकार ८-९ जीबीवर गेला असेल, तर बॅकअपच्या आधी तो विषय हाती घ्या.

आता डेटाबेसच्या बाहेरच्या गोष्टी. बिलांचे पीडीएफ, ड्रॉइंगच्या फाइल्स, रुग्णांचे रिपोर्ट बऱ्याचदा वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि डेटाबेसमध्ये फक्त त्यांचा पत्ता असतो. डेटाबेस परत आला आणि फोल्डर आला नाही, तर प्रत्येक बिलावर क्लिक केल्यावर कोरं पान दिसतं. त्याशिवाय सेटिंगच्या फाइल्स, लायसन्स की आणि सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर. विक्रेत्याच्या वेबसाइटवर जुनी आवृत्ती मिळेलच, यावर विसंबू नका.

तिसरी पायरी: पद्धत निवडा

ढोबळमानानं तीन पद्धती आहेत.

एक, डंप. डेटाबेसला सांगायचं की तुझ्यातले सगळे तक्ते आणि नोंदी एका फाइलमध्ये लिहून दे. ही फाइल दुसऱ्या मशीनवर, बहुतेक वेळा नव्या आवृत्तीवरही, चढवता येते. घेणं सोपं, समजणं सोपं. परत चढवताना मात्र प्रत्येक इंडेक्स (नोंदी पटकन शोधून देणारी सूची) नव्यानं बांधला जातो, म्हणून मोठ्या डेटाबेसला वेळ लागतो.

दोन, फाइल पातळीवरची प्रत. डेटाबेसच्या डिस्कवरच्या फाइल्स जशाच्या तशा, पण योग्य साधनानं उचलायच्या. मोठ्या डेटाबेससाठी ही जलद. आवृत्ती मात्र जुळावी लागते.

तीन, लॉगसकट प्रत. फाइल पातळीवरची प्रत एकदा घ्यायची आणि नंतर होणाऱ्या प्रत्येक बदलाची नोंद, म्हणजे लॉग, सतत दुसरीकडे पाठवत राहायचं. मग कुठल्याही क्षणाला परत जाता येतं. समजा सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी कुणी अट न घालता अपडेट चालवलं आणि सगळ्या शेतकऱ्यांचा दर एकच झाला. या पद्धतीत ११ वाजून ३९ मिनिटांवर थांबता येतं.

माझं मत स्पष्ट सांगतो. डेटाबेस १५-२० जीबीच्या आत असेल आणि काही तासांचं काम गेलेलं चालणार असेल, तर डंपवरच राहा. दिवसातून दोनदा किंवा तीनदा घ्या. तिसरी पद्धत ऐकायला आकर्षक आहे, पण तिला रोज लक्ष देणारा माणूस लागतो. पोस्टग्रेसमध्ये लॉग बाहेर पाठवणं अडकलं, तर तो ते लॉग जपून ठेवत राहतो आणि एक दिवस डिस्क भरून अख्खा डेटाबेस बंद पडतो. बघणारं कुणी नसेल, तर वाचवायला बसवलेल्या यंत्रणेमुळेच दुकान बंद पडेल. कागद नसलेल्या, पैशांची उलाढाल ऑनलाइन असलेल्या ठिकाणी मात्र तिसरीच घ्या, आणि ती सांभाळणाऱ्या माणसाचा पगारही त्यात धरा.

काही गोष्टी बॅकअप वाटतात पण नसतात. डेटाबेस चालू असताना त्याचा डेटा फोल्डर कॉपी-पेस्ट केला, तर कॉपी होत असतानाच फाइल्स बदलत असतात. अशी प्रत उघडेल किंवा न उघडेल, किंवा उघडेल पण आत हिशेब जुळणार नाही. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची एकच फाइल असते म्हणून लोक ती बिनधास्त उचलतात. तिथंही त्याची स्वतःची बॅकअपची आज्ञा वापरा. रेड म्हणजे जोडीच्या डिस्क. एक डिस्क गेली तर दुसरी चालू राहते, पण चुकून पुसलेली नोंद दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते. रेप्लिकेशनचं, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवर सतत चालणाऱ्या नकलेचंही तेच.

प्रत्येक डेटाबेसचे खाचखळगे

पोस्टग्रेसमध्ये पीजी_डंप वापरा आणि कस्टम फॉरमॅट निवडा. फाइल दाबून लहान होते आणि पीजी_रिस्टोअरनं त्यातला एखादाच तक्ता वेगळा काढता येतो. डंप चालू असताना लोकांचं काम थांबत नाही, आणि डंप सुरू झाला त्या क्षणाचं एकसंध चित्र मिळतं. दोन गोष्टी राहून जातात. पीजी_डंप एका डेटाबेसपुरता असतो. वापरकर्ते आणि त्यांचे अधिकार सगळ्या सर्व्हरचे मिळून असतात, ते पीजी_डंपऑलच्या ग्लोबल्स-ओन्ली या पर्यायानं वेगळे काढावे लागतात. दुसरं, पीजी_डंपची आवृत्ती सर्व्हरच्या आवृत्तीइतकी किंवा तिच्यापेक्षा नवी हवी. जुनं साधन नव्या सर्व्हरला नकार देतं. परत चढवल्यावर ॲनालाइझ ही तक्त्यांची आकडेवारी नव्यानं काढणारी आज्ञा द्यायला विसरू नका, नाहीतर डेटा आला पण रिपोर्ट का रखडतोय, म्हणून दुपारभर डोकं धराल.

मायएसक्यूएलमध्ये मायएसक्यूएलडंप, त्याचंच भावंड असलेल्या मारियाडीबीमध्ये मारियाडीबी-डंप. सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय लावा म्हणजे काम न अडवता एकसंध प्रत मिळते. हे फक्त इनोडीबी प्रकारच्या तक्त्यांना लागू आहे. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अजून मायआयसॅम तक्ते सापडतात; त्यांना डंपच्या वेळी कुलूप लावावं लागतं, म्हणून दुकान बंद झाल्यावरची वेळ धरा. रूटीन्स आणि इव्हेंट्स हे पर्याय मुद्दाम द्यावे लागतात. ते न दिल्यामुळे रिस्टोअरनंतर व्याज काढणारी प्रोसिजरच (डेटाबेसमध्ये ठेवलेला छोटा प्रोग्राम) नाही, असा प्रसंग मी पाहिला आहे. मायएसक्यूएलच्या आवृत्ती ८ पासून बायनरी लॉग, म्हणजे बदलांची नोंद, आपोआप चालू असतो आणि ठरवून काही बदललं नसेल तर ३० दिवस राहतो. डंप घेताना सोर्स-डेटा हा पर्याय दिला, तर त्या क्षणी लॉग कुठपर्यंत आला होता तेही फाइलमध्ये लिहिलं जातं (जुन्या आवृत्तीत याचंच नाव मास्टर-डेटा). हे लॉग रोज दुसरीकडे कॉपी करत राहिलात, तर फार खटाटोप न करता डंपच्या पुढचं कामही परत मिळवता येतं. साधेपणा आणि सुरक्षितता यांचा हा मेळ मला आवडतो.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्याचीच बॅकअपची आज्ञा वापरायची, चेकसमसकट (फाइल बिघडली का ते ओळखणारा आकडा). एक्स्प्रेसमध्ये वेळापत्रक लावणारा एजंट मिळत नाही, म्हणून विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून एसक्यूएलसीएमडी हे आज्ञा देणारं साधन चालवा. बॅकअपचा मार्ग लिहिताना लक्षात ठेवा, तुम्ही दिलेली डी ड्राइव्ह ही सर्व्हरची डी ड्राइव्ह असते, तुम्ही बसलेल्या संगणकाची नसते. डेटाबेसचं रिकव्हरी मॉडेल, म्हणजे लॉग किती जपायचा ते ठरवणारी सेटिंग, बघा. ते फुल असेल आणि लॉगचा बॅकअप कुणीच घेत नसेल, तर लॉगची फाइल फुगत जाते. दोन जीबीच्या डेटाबेसला चाळीस जीबीचा लॉग मी पाहिला आहे. लॉगचा बॅकअप घेणार नसाल तर मॉडेल सिंपल करा. नव्या आवृत्तीवरचा बॅकअप जुन्या आवृत्तीवर चढत नाही, म्हणून सुटं मशीन तयार ठेवताना त्यावर आवृत्ती तीच टाका.

चौथी पायरी: वेळापत्रक

पुस्तकी सल्ला रात्री दोनचा असतो. आपल्याकडच्या छोट्या ऑफिसात रात्री आठला मेन स्विच बंद होतो. मग रात्री दोनचं काम कधीच चालत नाही आणि कुणाला कळतही नाही. म्हणून दुपारी जेवणाच्या सुट्टीत एक आणि संध्याकाळी रोजमेळ मिळवल्यावर एक, अशा वेळा धरा. टास्क शेड्युलरमध्ये चुकलेलं काम संगणक चालू होताच करण्याचा पर्याय आहे, त्यावर खूण करा. लिनक्सवर सिस्टिमडीच्या टायमरमध्ये पर्सिस्टंट हा पर्याय तेच करतो.

किती जुन्या प्रती ठेवायच्या? मी सात रोजच्या, चार आठवड्याच्या आणि बारा महिन्याच्या ठेवतो. अशा २३ फाइल्स झाल्या. एक फाइल २ जीबीची धरली तर ४६ जीबी. साध्या डिस्कवर आरामात बसतात. चूक ताबडतोब लक्षात येतेच असं नाही, म्हणून महिन्याच्या प्रती लागतात. एखाद्या खात्याची नोंद मार्चमध्ये पुसली गेलेली ऑडिटच्या वेळी सप्टेंबरमध्ये कळते. ३१ मार्चची प्रत वेगळी काढून ठेवा. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात. तुमचा धंदा कंपनी म्हणून नोंदलेला असेल, तर आणखी एक नियम आहे. इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवला गेला पाहिजे. आधी नियमात ठरावीक काळानं असा शब्द होता, ऑगस्ट २०२२ पासून रोज असा झाला.

पाचवी पायरी: प्रत कुठं ठेवायची

तीन-दोन-एक हा नियम पीटर क्रोघ या छायाचित्रकारानं रूढ केला: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. शाहूपुरीतल्या दुकानात दोन प्रती होत्या, दोन माध्यमंही होती. दुसऱ्या जागी ताजी प्रत नव्हती.

दुसरी जागा म्हणजे काय, हे कोल्हापुरात नीट विचार करून ठरवावं लागतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूर आणि सांगली दोन्ही शहरं एकाच वेळी पाण्यात होती. शाखा सांगलीत आहे म्हणून प्रत तिकडे ठेवली, तर तोच पाऊस दोन्ही प्रती नेऊ शकतो. आणि व्हीनस कॉर्नरच्या दुकानातली प्रत दुधाळीतल्या घरी नेऊन उपयोग नाही. शहरातच ठेवायची तर पाणी कधी चढलेलं नाही अशा भागात, वरच्या मजल्यावर. ही झाली हाताशी असलेली प्रत. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं की शहराचे रस्तेच तुटतात, म्हणून तिसरी प्रत क्लाउडवर हवीच, म्हणजे पुण्यात किंवा बेळगावात बसूनही ती काढता येईल. ॲमेझॉनची केंद्रं मुंबई आणि हैदराबादला आहेत, मायक्रोसॉफ्टचं पुण्यात आहे. भारतातलं केंद्र निवडा, वरच्या नियमासाठीही ते बरं.

अपलोडला किती वेळ लागेल ते आधी काढा. २० एमबीपीएस अपलोडच्या लाइनवर १० जीबीची फाइल चढायला एक तास आणि वर सात-आठ मिनिटं लागतात, तेही लाइन पूर्ण वेगानं चालली तर. संध्याकाळी साडेसातला बॅकअप आणि आठला स्विच बंद, हे गणित मग जमत नाही. अशा वेळी एक छोटं मशीन यूपीएसवर रात्रभर चालू ठेवा किंवा दुपारची प्रत क्लाउडला पाठवा.

पुराइतकीच भीती आता खंडणीखोर व्हायरसची आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय जगभर पसरला, तेव्हापासून हा प्रकार थांबलेला नाही. असा व्हायरस त्या संगणकाला जोडलेली प्रत्येक डिस्क आणि नेटवर्कवरचा प्रत्येक शेअर फोल्डर कुलूपबंद करतो. कायम खोचून ठेवलेला बॅकअपचा ड्राइव्हही त्यात जातो. म्हणून दोन ड्राइव्ह ठेवा आणि आठवड्याला अदलाबदल करा, एक कायम सुटा. क्लाउडवर ऑब्जेक्ट लॉक नावाची सोय असते, ठरावीक दिवस ती फाइल तुम्हालासुद्धा पुसता येत नाही. ती चालू करा. सर्व्हरवर ठेवलेल्या क्लाउडच्या चावीला फक्त नवी फाइल चढवण्याचा अधिकार द्या, पुसण्याचा नको.

बाहेर जाणारी फाइल एन्क्रिप्ट करा, म्हणजे पासफ्रेज या लांब पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करा, कारण तिच्यात लोकांचे मोबाइल नंबर आणि बँक खाती असतात. पण पासफ्रेज त्याच सर्व्हरवरच्या टेक्स्ट फाइलमध्ये राहिला, तर सर्व्हर बुडाल्यावर क्लाउडवरची प्रतही तुमच्यासाठी बंद झाली. तो कागदावर लिहून पाकिटात घाला. एक पाकीट मालकांच्या घरी, एक बँकेच्या लॉकरमध्ये.

सहावी पायरी: रिस्टोअरचा सराव

बाकी कशात काटकसर करायची असेल तर करा, या पायरीत नको. का, ते एका प्रसंगातून सांगतो. एका ठिकाणी मायएसक्यूएलचा डंप थेट जीझिपला, म्हणजे फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाला, जोडून रात्री फाइल तयार व्हायची. फोल्डरमध्ये रोजच्या तारखेची फाइल, नाव बरोबर, वेळ बरोबर. गरज पडली तेव्हा मी फोल्डर उघडला आणि आकाराच्या रकान्याकडे पाहिलं. प्रत्येक फाइल २० बाइटची. रिकाम्या हातानं जीझिप केलं की बरोबर एवढीच फाइल बनते. चार महिन्यांपूर्वी कुणीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता. डंप रोज नाकारला जात होता, जीझिप रोज रिकामी पुडी बांधत होतं, आणि शेवटची आज्ञा यशस्वी झाली म्हणून स्क्रिप्ट रोज "ठीक" सांगत होती. स्क्रिप्ट चालवणाऱ्या बॅशमध्ये पाइपफेल हा, जोडलेल्या आज्ञांपैकी एकही फसली तर चूक दाखवणारा पर्याय चालू असता, तर पहिल्याच रात्री कळलं असतं.

हे फक्त छोट्या ठिकाणी होतं असंही नाही. गिटलॅब या प्रोग्रामचा कोड साठवणाऱ्या जगप्रसिद्ध सेवेत ३१ जानेवारी २०१७ ला एका अभियंत्याकडून चालू डेटाबेसचा फोल्डर पुसला गेला. त्यांचा पोस्टग्रेसचा रोजचा डंप जुन्या आवृत्तीच्या पीजी_डंपमुळे निकामी होत होता, आणि तो निकामी होत असल्याचे ईमेल पोहोचतच नव्हते. सुमारे सहा तास आधी कुणीतरी योगायोगानं घेतलेल्या एका स्नॅपशॉटवर (त्या क्षणाच्या प्रतीवर) त्यांना परत यावं लागलं. हे सगळं त्यांनी स्वतः जाहीर करून सांगितलं, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

सराव करायचा तो असा. वेगळं मशीन घ्या, जुना लॅपटॉप चालतो. त्यावर फक्त बाहेरची प्रत उतरवा, सर्व्हरला हात लावायचा नाही, सर्व्हर पाण्यात आहे असं समजायचं. घड्याळ लावा. डेटाबेसचं सॉफ्टवेअर टाकण्यापासून पहिलं बिल पडद्यावर दिसेपर्यंतचा वेळ मोजा. हाच तुमचा बंद राहण्याचा खरा वेळ. तो मालकांनी दिलेल्या उत्तरापेक्षा जास्त निघाला, तर तिसऱ्या पायरीवर परत जा.

डेटा आला हे कसं ओळखायचं? डंपची साधी फाइल असेल तर तिच्या शेवटच्या काही ओळी बघा. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस दोन्ही शेवटी डंप पूर्ण झाल्याची ओळ लिहितात. ती नसेल तर फाइल अर्धवट आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये व्हेरिफायओन्ली ही आज्ञा फाइल वाचता येते का ते सांगते, पण त्यानं समाधान मानू नका. खरी परीक्षा हिशेबाची. शेवटच्या पट्टीचा नंबर, त्या दिवसाची एकूण जमा, दोन-तीन शेतकऱ्यांची बाकी. हे छापील रोजमेळाशी ताडून बघा आणि ताडण्याचं काम दिवाणजींना द्या. आकडे आपल्यापेक्षा त्यांच्या नजरेत जास्त बसलेले असतात. आम्ही एकदा सराव करत होतो, मला सगळं बरोबर वाटत होतं, आणि दिवाणजी म्हणाले, "तोलाईची रक्कम कुठाय?" तो एक तक्ता वेगळ्या डेटाबेसमध्ये होता आणि आमच्या यादीतच नव्हता.

पहिल्या सरावात अडचणी येणारच. वापरकर्ता सापडत नाही अशी चूक आली तर पोस्टग्रेसमध्ये ग्लोबल्सची फाइल आधी चढवायला हवी होती. एसक्यूएल सर्व्हरमध्ये डेटाबेस आला पण लॉगिन होत नाही, तर लॉगिन सर्व्हरच्या मास्टर डेटाबेसमध्ये राहिले आहेत. ते नव्यानं बनवून डेटाबेसमधल्या वापरकर्त्यांशी जोडा. मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली, तर डंप घेताना किंवा चढवताना कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, चुकला आहे. मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ८एमबी४ ठेवा.

आणि खऱ्या संकटात एक पथ्य पाळा. बिघडलेल्या डेटाबेसवर थेट रिस्टोअर कधीही चढवू नका. आधी लोकांचं काम थांबवा, बिघडलेल्या अवस्थेचीही एक प्रत घ्या, आणि रिस्टोअर नव्या नावानं करा. जुना डेटाबेस तपासून झाल्याशिवाय हलवू नका. बॅकअपनंतरच्या चार तासांतल्या चांगल्या नोंदी त्यातूनच वेचून काढता येतात.

सातवी पायरी: रोजची नजर

स्क्रिप्टनं तीन गोष्टी तपासाव्यात: फाइल आजची आहे का, तिचा आकार कालच्यापेक्षा एकदम घटला नाही ना, आणि क्लाउडवर पोहोचली का. निरोप चुकल्यावरच नको, यशस्वी झाल्यावरही हवा. रोज संध्याकाळी मालकांच्या मोबाइलवर तारीख आणि आकार असलेली एक ओळ गेली की ती आली नाही त्या दिवशी लक्षात येतं. गिटलॅबला जे झालं ते याच फटीतून झालं.

शेवटचं काम म्हणजे एक कागद. मराठीत, मोठ्या अक्षरात, ऑफिसच्या कपाटाच्या आतल्या बाजूला आणि मालकांच्या घरी. त्यावर डेटाबेसचं नाव आणि आवृत्ती, प्रती कुठं आहेत, पासफ्रेजचं पाकीट कुणाकडे, रिस्टोअरच्या आज्ञा क्रमानं, आणि मी फोनवर नसेन तर कुणाला विचारायचं. खाली सरावाच्या नोंदी. शाहूपुरीतल्या त्या दुकानाचा सर्व्हर आता पहिल्या मजल्यावर आहे. तिथल्या कपाटावरच्या कागदात शेवटची नोंद दिवाणजींच्या अक्षरात आहे: सराव मी स्वतः केला, ४७ मिनिटं, रोजमेळ जुळला, तोलाई जुळली, पुढचा सराव मेअखेर, पावसाच्या आत.